तीन चौकटींचा रोजचा रतीब : मराठी वृत्तपत्रीय चित्रमालिकेची वाटचाल

पुण्याहून निघालेला रस्ता दोनशेहून अधिक किलोमीटर कापून नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. पुण्या-मुंबईत लिहिले, चितारले गेलेले पुष्कळसे या चौकातूनच नाशिकच्या घराघरांत पोहोचत आले आहे. त्यातलीच एक गोष्ट म्हणजे वृत्तपत्राच्या पानावरची तीन-चार चौकटींची चित्रमालिका. तिच्यामागे फार मोठी इमारत, देणगीदारांची पाटी किंवा घटना-नियमावली नाही. तरीही ती मराठी वाचकाच्या घरातली एक संस्थाच आहे. ती उभी करण्यासाठी संपादक, ब्लॉकमेकर, खिळे जुळवणारे, लेखक आणि चित्रकार अशा अनेकांचे हात तीन पिढ्या राबले. त्या वाटचालीची ही नोंद.

नाशिकच्या मातीत रेषेचे आणि छपाईचे संस्कार जुने आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे वाचनाची सवय पावणेदोनशे वर्षांहून जुनी. द्वारकेवरून पुणे रस्त्याने नाशिकरोडकडे गेले की टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापणारे मुद्रणालय लागते. त्याच्या सुरुवातीला आता शतक लोटले आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. कथापटांच्या धबडग्यात त्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवत आणि प्रत्येक हालचालीचे चित्र टिपत ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. एकामागून एक चित्र ठेवून गोष्ट हलती करायची, ही कल्पना महाराष्ट्रात इतक्या लवकर रुजली होती, हे विसरता कामा नये. वृत्तपत्रांच्या बाजूने पाहिले तर दादासाहेब पोतनीस यांच्या ‘गावकरी’ने नाशिकला स्वतःचे दैनिक दिले. त्याच घराण्याच्या ‘अमृत’ आणि ‘रसरंग’ या नियतकालिकांनी नाशिकचे नाव मराठी मुलखात सर्वदूर नेले.

वृत्तपत्रीय चित्रमालिकेचा जगातला आरंभ ५ मे १८९५ या दिवसाशी जोडला जातो. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत रिचर्ड आउटकॉल्ट यांचा ‘यलो किड’ रंगांत अवतरला. वस्तीतल्या त्या टक्कल केलेल्या पोराने वृत्तपत्राचा खप वाढवला. त्याच्यासाठी दोन वृत्तपत्रमालकांमध्ये चढाओढ लागली आणि व्यंगचित्रकार हा वृत्तपत्राचा मोलाचा माणूस ठरला. ५ मे हा दिवस आज जागतिक व्यंगचित्रकार दिन म्हणून महाराष्ट्रातही साजरा होतो. पुढच्या काळात तिकडे ‘सिंडिकेट’ची व्यवस्था पक्की झाली. एकाने काढलेली मालिका मध्यस्थ संस्था शेकडो वृत्तपत्रांना विकू लागली. प्रत्येक वृत्तपत्राला पैसे थोडे पडत आणि चित्रकाराला एकूण मोबदला भरपूर मिळे. चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू केली आणि जवळजवळ पन्नास वर्षांत तिचे १७,८९७ भाग काढले. शेवटचा भाग १३ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाला, त्याच्या आदल्याच रात्री ते गेले. असे आयुष्यभराचे काम त्या व्यवस्थेमुळे शक्य झाले. मराठी चित्रकाराला असा आधार मिळाला नाही. त्याची मालिका एका भाषेत आणि बहुतेक वेळा एकाच वृत्तपत्रात चालायची, तिचा मोबदलाही तेवढाच. मराठीतल्या कामगिरीचे मोजमाप करताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

मराठीत हास्यचित्राचे रोप दैनिकाच्या आधी मासिकात वाढले. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने त्यांची व्यंगचित्रे वाचकांना परिचित झाली. नांगर आणि मोटा बनवणाऱ्या कारखान्याच्या पत्रिकेतून समाजातल्या रूढींवर रेषेने बोट ठेवले गेले, ही त्या काळातली धिटाईच होती. मडगावचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करून दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला आणि आतल्या हास्यचित्राला प्रतिष्ठा दिली. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांनी नव्या चित्रकारांना हक्काचे पान दिले. मधुकर पाटकर यांच्या ‘आवाज’ने १९५१ पासून खिडकीचित्रांची गंमत घरोघरी नेली.

या मासिकांनी घडवलेली माणसे थोर होती. शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी झाला. शब्दाविना हसवणाऱ्या चित्रांचा त्यांनी स्वतंत्र घाट घडवला, ‘हसरी गॅलरी’ गावोगावी नेली आणि प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढून हजारो मुलांची आकड्यांशी मैत्री करून दिली. कोल्हापूरचे वसंत सरवटे यांनी नोकरी सांभाळून चित्रे काढली. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली माणसे वाचकाला दिसतात ती पुष्कळदा सरवट्यांच्या रेषेत. जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला चेहरा मिळाला तोही त्यांच्याच हातून. नाशिकचे ज्ञानेश सोनार यांनी अनेक दशके दिवाळी अंकांतून हास्यचित्रे दिली. मोठ्या शहरांपासून दूर राहूनही राज्यभर नाव कमावता येते, हे त्यांच्याकडे पाहून नाशिकच्या तरुण चित्रकारांना कळले.

दैनिकाचे गणित मात्र वेगळे होते. १९४७ मध्ये आर. के. लक्ष्मण ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले आणि १९५१ पासून ‘यू सेड इट’ या चौकटीत त्यांचा चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस रोज उभा राहू लागला. बाळासाहेब ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रे काढत. ती नोकरी सोडून बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह त्यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. या दोघांनी वृत्तपत्रीय व्यंगचित्राला वजन मिळवून दिले. मात्र ते व्यंगचित्र त्या दिवसाच्या बातमीवर उभे असायचे आणि बहुतेकदा एकाच चौकटीत संपायचे. रोज तीच पात्रे, तेच घर, नवा प्रसंग आणि चौकट पुढे सरकताना घडणारी गंमत, या अर्थाची घरगुती चित्रमालिका मराठी दैनिकाला अजून मिळायची होती.

ती उशिरा येण्यामागे कल्पनेचा दुष्काळ नव्हता, कारण मुख्यतः छपाईचे होते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात प्रत्येक चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. ब्लॉकमेकर मोठ्या शहरात, त्याचा खर्च वेगळा, वेळ वेगळा. वर्षातून एकदा निघणाऱ्या दिवाळी अंकाला हा खर्च झेपे. जिल्ह्याच्या दैनिकाला रोजच्या करमणुकीसाठी तो परवडत नसे. पुढाऱ्याच्या फोटोचा ब्लॉक जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरता येई, चित्रमालिकेचा ब्लॉक दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरे. परदेशी मालिका सिंडिकेटकडून तयार स्वरूपात आणि कमी पैशांत मिळत, म्हणून इंग्रजी दैनिकांना त्या सोयीच्या पडल्या. मराठी वाचकाला या प्रकाराची ओळख झाली ती बरीचशी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने ‘फँटम’ला वेताळ केले, आणि मराठी मुले डेंकालीच्या जंगलात रमली.

भाषांतरित मालिकेत आणखी एक अडचण असे, ती फुग्याची. मूळ फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेला. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा लागतात, खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींमध्ये अंतर जास्त हवे. त्यामुळे मजकूर एक तर दाटीवाटीने बसवावा लागे, नाही तर कापावा लागे, आणि कापताना विनोदही कापला जाई. जो चित्रकार मराठी वाक्य कानात ठेवून आधी फुग्याची जागा सोडेल आणि मग पात्रे उभी करील, त्याच्याच हातून अस्सल मराठी चित्रमालिका होणार होती. फुग्यातली अक्षरे हाताने काढणाऱ्या अक्षरलेखकांची नावे बहुधा कुठेच छापली गेली नाहीत. या वाटचालीत त्यांचा वाटा मोठा आहे.

दरम्यान मुलांच्या नियतकालिकांनी मराठी चित्रकारांना नवे क्षेत्र दिले. अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने आणि १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘टिंकल’ने सलग चित्रकथा काढणारे हात तयार केले. राम वाईरकर यांनी ‘कृष्ण’ चितारला आणि सुपंडीला त्याचे ते लांबुडके डोके दिले. प्रताप मुळीक यांनी पौराणिक-ऐतिहासिक चित्रकथेला भरदार रेखाटन दिले. पात्राचा चेहरा प्रत्येक चौकटीत सारखा ठेवणे, नजर डावीकडून उजवीकडे नेणे, एका चौकटीत एकच क्रिया दाखवणे, ही शिस्त या कामातून आली. ऑफसेट छपाई दैनिकांत स्थिरावल्यावर ब्लॉकची अडचण संपली आणि चित्रकाराची रेषा जशीच्या तशी पानावर उतरू लागली.

नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या ‘सकाळ’ने तोवर मध्यमवर्गीय घराचे दैनिक म्हणून सहा दशके पुरी करत आणली होती. त्याच ‘सकाळ’च्या पानावर २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘चिंटू’ आला. चित्रकार चारुहास पंडित आणि लेखक प्रभाकर वाडेकर या जोडीची ही निर्मिती. मराठी वृत्तपत्रीय चित्रमालिकेच्या इतिहासात ही तारीख पहिल्या मानाची आहे.

चिंटूचे यश नेमके कशात आहे, याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तो पराक्रमी नाही, त्याला जादू येत नाही, तो दुष्टांचा पाडाव करत नाही. तो शाळकरी मुलगा आहे. त्याला आई आहे, पप्पा आहेत, आजी-आजोबा आहेत. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही मित्रमंडळी आहेत. सतीशदादा आहे आणि जोशी काकू आहेत. आईने सांगितलेले काम टाळणे, अभ्यासाला कारण काढणे, शेजारच्या घरी खाण्याच्या वासाने पोहोचणे, क्रिकेटचा चेंडू नको तिथे जाणे, एवढाच ऐवज. हा ऐवज द्वारकेच्या आसपासच्या कोणत्याही गल्लीत तसाच सापडतो, म्हणून पुण्याचा चिंटू नाशिकला कधी परका वाटला नाही. त्याच्या तोंडची मराठी घरातल्या मुलाची आहे, पुस्तकातली नाही. पहिल्या चौकटीत प्रसंग, दुसरीत वळण आणि तिसरीत फटका, हा ताल मराठी वाचकाला ओळखीचा झाला तो या मालिकेमुळे. पाटी-पेन्सिलीच्या वयातली मुले अक्षरे जुळवून पहिले वाक्य वाचत ते पुष्कळ घरांत चिंटूच्या फुग्यातले असे. बातम्यांच्या पानांकडे न फिरकणारी मुले वर्तमानपत्र उघडू लागली. मोठ्यांनीही आधी चिंटू आणि मग अग्रलेख हा क्रम स्वीकारला. वृत्तपत्राला वाचकांची पुढची पिढी मिळवून देण्याचे काम या चौकटींनी केले, आणि ते कोणत्याही संपादकीय पानाइतके महत्त्वाचे आहे.

यामागचे श्रम बाहेरून दिसत नाहीत. बातमीवरच्या व्यंगचित्रकाराला दिवस स्वतःच विषय देतो. घरगुती मालिकेला तो आधार नसतो. वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस त्याच घरातून, त्याच दहा-बारा माणसांमधून नवा प्रसंग शोधायचा. आजारपण, प्रवास, घरातले बरे-वाईट यांपैकी काहीही वाचकाला दिसता कामा नये. दिवाळी आली की फटाके, जून आला की रेनकोट आणि नवी वह्या-पुस्तके, मार्च आला की परीक्षा. ऋतू दरवर्षी परत येतात, विनोद परत येऊन चालत नाही. पात्रांचे वय वाढवायचे नाही, पण काळ तर बदलतो. १९९१ च्या घरात तारेचा फोन होता, मग भ्रमणध्वनी आला, संगणक आला, आई-पप्पांच्या सवयी बदलल्या. चिंटू तेवढाच राहिला आणि त्याच्या भोवतीचे घर हळूहळू नवे होत गेले. ही जुळणी वाचकाच्या लक्षातही न येता साधणे, यात पंडित-वाडेकर यांचे कसब आहे. लेखक आणि चित्रकार दोघे असण्याचा फायदाही इथे दिसतो. एकाला जे मजेदार वाटते ते दुसऱ्याला पटावे लागते, आणि पटले नाही तर ती कल्पना वाचकापर्यंत पोहोचण्याआधीच गळून पडते.

पुढची वीस वर्षे विस्ताराची होती. चिंटूचे संग्रह पुस्तकरूपाने निघत राहिले आणि शाळांच्या बक्षीस समारंभांत ती पुस्तके हमखास दिसू लागली. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चिंटू’ हा चित्रपट आला आणि २०१३ मध्ये ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’. वृत्तपत्रातल्या चौकटीतून पूर्ण लांबीच्या चित्रपटापर्यंतची ही मजल मराठी चित्रमालिकेसाठी नवी होती. फाळक्यांच्या नाशिकला त्याचा विशेष आनंद वाटावा, असे हे नाते आहे. पुढे ‘लोकसत्ता’च्या वाचकांनाही चिंटू भेटला. वृत्तपत्र बदलले तरी वाचक त्याच्यामागे गेले. मालिकेची ओळख वृत्तपत्रावर टांगलेली न राहता स्वतःच्या पायांवर उभी राहिली, हा या वाटचालीतला महत्त्वाचा टप्पा आहे.

चित्रकारांच्या एकजुटीची बाजूही याच काळात भक्कम झाली. ‘कार्टूनिस्ट्स कंबाईन’ या संघटनेने संमेलने भरवली, ज्येष्ठांचे सन्मान केले, नव्यांना ज्येष्ठांशेजारी बसवून चित्रे काढायला लावली. चारुहास पंडित यांनी या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. दैनंदिन मालिका काढणारा चित्रकार राजकीय व्यंगचित्रकारांच्याही संघटनेचा प्रमुख होतो, यातून घरगुती विनोदाला मिळालेला मान दिसतो. एके काळी ‘मुलांसाठीची चित्रे’ म्हणून त्याकडे काणाडोळा होत असे.

अडचणी संपल्या असे म्हणता येणार नाही. कागदाचे भाव वाढले की पाने घटतात, आणि पाने घटली की पहिली गदा चौकटींवर येते. जाहिरात वाढली की चित्र आक्रसते, आणि आक्रसलेल्या चित्रात चेहऱ्यावरचा भाव हरवतो. मोठ्या शहरातल्या मोजक्या वृत्तपत्रांखेरीज चित्रकाराला पगारी नोकरी मिळत नाही. बहुतेकांना चित्रागणिक मानधनावर भागवावे लागते, त्यामुळे जाहिरातीची कामे, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि शिकवण्या यांची जोड द्यावी लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत काही दिवस मुंबई-पुण्यात वृत्तपत्रांची छपाईच थांबली, वाटपावर बंधने आली, आणि नंतर अनेक घरांत वर्तमानपत्र पुन्हा सुरू झाले नाही. रोजच्या चौकटीवर उभ्या असलेल्या कारकिर्दीला हा मोठा धक्का होता.

या काळात चित्रकार हातावर हात ठेवून बसले नाहीत. शाईच्या दौतीच्या जागी पाटीसारखा पडदा आणि लेखणी आली, फॅक्सच्या जागी ई-मेल आली. आज नाशिकमध्ये बसून काढलेले चित्र मुंबईच्या कचेरीत क्षणात पोहोचते, त्यासाठी द्वारकेहून एसटीत पाकीट चढवावे लागत नाही. तरुण चित्रकार भ्रमणध्वनीच्या पडद्याच्या मापाने उभ्या चौकटी काढतात आणि थेट वाचकापर्यंत नेतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलींतले फुगे दिसू लागले आहेत. खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात अहिराणी बोलणारी घरे पुष्कळ आहेत, तेव्हा बागलाण-मालेगावाकडच्या एखाद्या पोराची चित्रमालिका दैनिकाच्या पानावर यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शि. द. फडणीस यांनी २०२५ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. मासिकांच्या काळापासून आजच्या पडद्यापर्यंतचा सारा प्रवास एकाच माणसाच्या हयातीत झाला, ही त्या पिढीची आणि या कलेची मिळकत आहे. २१ नोव्हेंबर २०२६ रोजी चिंटूच्या पहिल्या चौकटीला ३५ वर्षे होतील. पुस्तकांत निवडक भाग आहेत, पण पहिल्या दिवसापासूनचे सगळे भाग तारीखवार लावलेला संच सार्वजनिक ग्रंथालयात असायला हवा. त्यासोबत लेखक, चित्रकार, अक्षरलेखक आणि ब्लॉकमेकर यांची नावे नोंदवायला हवीत. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांकडे वर्तमानपत्रांचे जुने अंक सांभाळण्याचा अनुभव आहे. ज्यांच्या घरी कात्रणांच्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत न देता तिथे नेऊन द्याव्यात, आणि या कामाला ३५ व्या वर्षाचा मुहूर्त धरावा.